गाव शंभर टक्के साक्षर कसं करावं

वरून आदेश आलाय, गाव मार्चअखेर साक्षर करायचंय, आणि एकही घटक वंचित राहता कामा नये असं त्यात लिहिलंय? घाबरू नका. शिकवणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे.

आधी बॅनर लावा. वर्ग असाक्षरांसाठी आहे हे त्यावर ठळक अक्षरांत छापा. ज्यांना वाचता येईल ते येतील. नोंदणीची लिंक व्हॉट्सॲपवर टाका. कुणी आलं नाही तर अहवालात 'लाभार्थ्यांमध्ये उदासीनता' असं लिहायचं. 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या पुरुषांची साक्षरता 88.38 टक्के होती आणि स्त्रियांची 75.87. हा फरकही त्याच उदासीनतेच्या खात्यावर टाकता येतो.

वेळ सकाळी अकराची ठेवा. त्या वेळी बायका खुरपायला गेलेल्या असतात, पण तो त्यांचा प्रश्न. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. त्यांच्याकडे ॲप नव्हतं, म्हणून बिचाऱ्यांना विद्यार्थ्यांच्या सोयीनं चालावं लागलं. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात 2016 मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली. तिच्यातल्या गुलाबी नऊवारी तेवढ्या उचला, फोटो झकास येतो. घरची कामं उरकल्यावर दुपारी वर्ग भरवायची त्यांची खोड मात्र घेऊ नका.

नवभारत साक्षरता कार्यक्रमात शिकवायला स्वयंसेवक असतो, म्हणजे फुकट. त्यामुळे त्याला जाब विचारता येत नाही, आणि त्यालाही तुम्हाला काही विचारता येत नाही. अशी सोय दुसऱ्या कुठल्या खात्यात सापडायची नाही.

आता परीक्षा. या कार्यक्रमाची 150 गुणांची चाचणी 2024 मध्ये 17 मार्चला झाली. त्या दिवसांत बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूर-सांगलीकडं, नाहीतर कर्नाटकात, फडात असतो. त्यानं काय करावं? कोयता ठेवून गावी यावं. आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडत नाही म्हणे. असल्या खाजगी व्यवहारांत शासनानं पडू नये. हजेरीपटावर त्याचं नाव आहे ना, मग तो वगळला गेलेला नाही. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या आजीलाही वगळू नका. तिला पुण्याच्या मराठीतलं पुस्तक द्या आणि ती गप्प बसली की 'लाजाळू' असा शेरा मारा. दिव्यांगांना तर प्रवेश खुलाच आहे. वर्ग वरच्या मजल्यावर भरतो, एवढंच.

पन्नाशीच्या मावशी पुस्तक हातभर लांब धरतील, मग नाकाशी आणतील, मग पुन्हा लांब नेतील. पदरानं डोळे पुसतील. 'घ' आणि 'ध' त्यांना सारखेच दिसतात. त्यांना जवळचा चष्मा लागलाय हे तुमच्याही ध्यानात येईल, पण बोलू नका. बोललात की चष्मा कुठल्या लेखाशीर्षातून घ्यायचा हा प्रश्न निघतो आणि फाइल तालुक्याला जाऊन बसते. त्यापेक्षा 'आकलनशक्ती कमी' लिहिणं स्वस्त पडतं.

तेव्हा वाचनाच्या फंदात न पडता सही शिकवा. नाव रांगोळीसारखं रोज गिरवून घेतलं की पंधरवड्यात जमतं. बचतगटाच्या कर्जाच्या कागदावर पूर्वी अंगठा उठायचा, तेव्हा साहेबाला मजकूर वाचून दाखवावा लागायचा. आता सही असते, म्हणजे बाईंनी कागद वाचला असं धरून चालता येतं. साहेबाचाही वेळ वाचतो. एखादी मावशी सही करता करता थांबून विचारेल, "सर, ह्यात व्याज किती लिवलंय?"

तिला सांगा, ते पुढच्या टप्प्यात आहे. आणि फोटोसाठी पेन जरा वर धरायला लावा.