कोजागिरीचं बटण

मंडळाच्या कोजागिरीची नावनोंदणी यंदा वेबपेजवर, आणि ते पान करायचं तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. जेवढी कला दाखवायची तेवढी ‘नाव नोंदवा’ या बटणावरच दाखवा.

त्यासाठी एचटीएमएलचा तयार ‘बटन’ टॅग चुकूनही घेऊ नका. तो कीबोर्डच्या टॅबने सापडतो, एंटरला ओ देतो, स्पेसलाही देतो. इतका गरीब स्वभाव काय कामाचा! साधा ‘डिव्ह’, म्हणजे नुसता रिकामा डबा, घ्या आणि त्याला बटणाचे कपडे चढवा. कोणी शहाण्याने पुढेमागे टॅबने सापडावा म्हणून त्याला टॅबइंडेक्स दिलाच, तर ‘आउटलाइन: नन’ लिहून ठेवा; टॅबने बटणावर आलं की भोवती उमटणारी ती चौकट दिसली की डिझायनर मंडळींना जेवण जात नाही.

रंगाला हात आखडू नका. इंदूरला रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे मिरवणुकीत, राजवाड्यापुढे उडतात तेवढे सगळे रंग एका ग्रेडियंटमध्ये कोंबा, वर पिवळी अक्षरं. डब्ल्यूसीएजीचे नियम (वेबपेज सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेले) साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट मागतात. मागू देत.

आता देवनागरी. इथे खरी मजा आहे. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने बांधा, लाइन-हाइट आवळा आणि ‘ओव्हरफ्लो: हिडन’ करा, म्हणजे बाहेर येईल ते गायब. वरची मात्रा अनुस्वारासकट छाटली जाते आणि ‘नाव नोंदवा’चं ‘नाव नादवा’ होतं. वर लेटर-स्पेसिंग द्या, म्हणजे शिरोरेषाही तुटते आणि अक्षरं वाळत घातलेल्या पापडांसारखी सुटी सुटी दिसतात. (मला विचाराल तर ‘नादवा’च जास्त खरं आहे.)

‘रद्द करा’ मात्र पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याच्या कणाएवढं. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ ने दाबायच्या जागेला किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत. तुम्ही बारात भागवा.

हे बटण आहे, ही बातमी फक्त होव्हरला, म्हणजे माउसचा बाण वर तरंगला तरच, कळू द्या. मोबाइलवर बोट तरंगत नाही, हा बोटाचा दोष.

आणि दाबल्यावर? काही नाही. दाबतानाच्या ‘ॲक्टिव्ह’ला रंग नको, पुन्हा दाबता येऊ नये म्हणून ‘डिसेबल्ड’ नको, ‘थांबा’ही नको. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी चष्मा कपाळावर सरकवून आमचं बटण सात वेळा दाबलं. “काही होऊनच नाही राहिलं रे!” झालं होतं ना, सात वेळा. त्या रात्री काकू एक पेला मसाला दूध प्यायल्या आणि उरलेल्या सहांसाठी पिशवीतून बरणी काढली.