मरणाऱ्या पात्रांवर जीव लावू नका म्हणे!

सध्या एक पोस्ट घरोघरच्या ग्रुपांवर फिरते आहे. आमच्या बडोद्यातल्या नातलगांच्या ग्रुपवर ती आधी एका काकांनी टाकली, मग वहिनींनी, मग पुन्हा त्याच काकांनी. म्हणणं थोडक्यात असं: जे पात्र शेवटी मरणारच आहे त्याच्यावर जीव लावणं ही ओटीटीवर वाढलेल्या पिढीची नवी खोड आहे. आपल्या परंपरेत शोकान्त नव्हतेच, हे खूळ पश्चिमेकडून आलं. मेंदूला खरं-खोटं कळत नाही, त्यामुळे असल्या रडण्याने खऱ्या दुःखाइतकाच अपाय होतो. पुरावा काय, तर शेरलॉक होम्स. शिवाय खोट्यांसाठी रडणारे खऱ्या माणसांच्या वेळी कोरडे राहतात. आणि उपाय: शेवट आधी बघा, पात्र मरत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

काकांनी ही पोस्ट टाकताना माझ्या भाचीला टॅग केलं होतं. पोरगी विद्यापीठात फाइन आर्ट्सला आहे, एक जपानी अ‍ॅनिमेशन मालिका बघते, आणि त्यातल्या नायकासाठी तिने स्टेटसला रडका चेहरा ठेवला होता. तिने काही उत्तर दिलं नाही. मी देते.

‘नव्या पिढीची खोड’

ज्या गावात बसून काका हे लिहितात त्या गावाचा इतिहास तरी बघावा. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग 20 फेब्रुवारी 1919 रोजी इथेच, बडोद्यात झाला. गडकरी त्याच्या आदल्याच महिन्यात गेले होते. बालगंधर्वांनी रंगवलेली नायिका सिंधू शेवटी मरते, हे पुढच्या प्रयोगांना येणाऱ्यांना आधीच कळलेलं असायचं. तरी लोक पुन्हा पुन्हा तिकिटं काढत आणि फाटक्या लुगड्यातल्या सिंधूला बघून डोळे पुसत. त्या प्रेक्षकांपैकी कुणाकडेही ओटीटी नव्हतं.

आणखी मागे चला. मराठीतलं पहिलं स्वतंत्र ऐतिहासिक नाटक 1861 सालचं, विनायक जनार्दन कीर्तन्यांचं, आणि विषय थोरले माधवराव पेशवे. हा तरुण पेशवा 1772 मध्ये थेऊरला क्षयाने गेला हे माहीत नसलेला मराठी माणूस तेव्हा सापडला नसता. म्हणजे आपल्या रंगभूमीने स्वतःच्या पायावर उभं राहताना जो नायक निवडला त्याचं मरण आधीच जगजाहीर होतं.

‘आपल्या परंपरेत शोकान्त नव्हतेच’

यात अर्धं खरं आहे, आणि तेवढं देऊन टाकते. संस्कृत नाटकं बहुतेक गोड शेवटाची. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये असा संकेतही होता. भवभूती ‘एको रसः करुण एव’ म्हणतो आणि तरी शेवटी राम-सीतेची भेट घडवतोच. पण भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो, आणि तोवर आपल्याला त्याची, चक्क दुर्योधनाची, दया येऊ लागलेली असते.

शिवाय परंपरा म्हणजे काय फक्त नाटक? महाभारत कुठे ठेवायचं?

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण व्यासांनी जे केलंय ते कुठल्याही मालिकेच्या लेखकाला करायची छाती होणार नाही. आदिपर्वात, म्हणजे युद्धाला अजून केवढा तरी अवकाश असताना, चंद्रदेव सोम इतर देवांना सांगतो की माझा मुलगा वर्चा मला प्राणाहून प्रिय आहे, तो पृथ्वीवर जाईल, पण सोळा वर्षांसाठीच. सोळावं सरलं की माझ्याकडे परत. तोच अभिमन्यू. मूल जन्माला येण्याआधी त्याची मुदत आपल्या हातात दिली जाते. मग त्याचं धनुर्विद्या शिकणं, विराटाकडे उत्तरेशी लग्न, सगळं आपण त्या मुदतीसकट वाचतो.

भीष्म, द्रोण, कर्ण यांच्याही बाबतीत तेच. संजय रणांगणावरून येतो आणि आधी ‘ते पडले’ एवढंच सांगतो. धृतराष्ट्र कोसळतो, सावरतो, आणि मग विचारतो: कसे पडले, सांग. त्यानंतर लढाईची हकीकत सुरू होते. शेवट आधी, गोष्ट नंतर. ऐकणाऱ्याला कुठेही अंधारात ठेवलेलं नाही. पश्चिमेकडून यायला इथे जागाच शिल्लक नव्हती.

आणि बडोद्याचं म्हणाल तर सतराव्या शतकात इथल्याच प्रेमानंद भटाने गुजरातीत अभिमन्यू-आख्यान रचलं. तो माणभट्ट. बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या घागरीवर ताल धरायचा आणि रात्र रात्र आख्यान लावायचं, असा तो धंदा. आपल्या कीर्तनकारांचे आणि त्यांचे श्रोते एकाच पोळातले, म्हणजे एकाच गल्लीतले, रडण्याची जागाही एकच.

‘मेंदूला खरं-खोटं कळत नाही’

माझी आजी दांडिया बाजारातल्या देवळात कीर्तनाला जायची, मला सोबत घेऊन. पूर्वरंग संपला, बुवांना बुक्का लागला, हार पडला, आणि उत्तररंगाला अभिमन्यूचं आख्यान लागलं की आजी चष्मा काढून घडी करायची आणि कमरेला खोचायची. पुढे दिसण्यासारखं काही राहणार नाही याची तिला खात्री असायची. जयद्रथ वाट अडवतो तिथे तिचा पदर डोळ्यांना जायचा. रथाचं चाक उचलून पोर एकटं लढतं तिथे ती हलक्या आवाजात म्हणायची, ‘नको रे, नको जाऊस पुढे.’ सगळं आख्यान तिला पाठ होतं.

आणि आरती झाल्यावर हीच बाई प्रसाद घेता घेता बुवांना गाठायची. ‘उत्तरेचा निरोप का गाळलात हो आज? घाई होती का?’

आता सांगा, या बाईला खरं-खोटं कळत नव्हतं? खऱ्या मयताला जाऊन आपण असं विचारतो का की आज अमुक प्रसंग का गाळला? अभिमन्यूसाठी रडत असतानाच बुवा कुठे आखूड करताहेत याचा तिचा हिशेब चालू होता. ती उठून जयद्रथ झालेल्या बुवांना चिपळ्यांसकट ढकलायलाही गेली नाही. शरीर हलतं, घसा दाटतो, हे खरंच. पण भान सुटत नाही. भान सुटलं असतं तर त्या देवळात दर आख्यानाला मारामारी झाली असती.

हा प्रश्न थोरामोठ्यांनाही पडला आहे, एवढं श्रेय पोस्टवाल्यांना देते. 1975 मध्ये कॉलिन रॅडफर्ड या इंग्रज तत्त्वज्ञाने विचारलं की टॉलस्टॉयच्या कादंबरीतली अ‍ॅना कॅरेनिना नावाची बाई खरी नव्हतीच हे ठाऊक असताना तिच्या नशिबाने आपण हलतो कसे, आणि यात विसंगती आहे असाच निष्कर्ष काढला. त्यावर पुष्कळ वाद झाले, अजून चालू आहेत. आपल्याकडे अभिनवगुप्त या काव्यशास्त्रकाराने हजार वर्षांपूर्वी रसात येणारे अडथळे मोजून ठेवले. त्यातला एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात अडकलेला असणं. म्हणजे स्वतःच्या दुःखासारखंच हे दुःख झालं तर रस संपला! आणि चौदाव्या शतकातला विश्वनाथ ‘साहित्यदर्पणा’त सरळ व्यवहाराचं बोलतो: करुणात नुसतं दुःखच असतं तर तिकडे कुणी वळलंच नसतं, रामायणही मग दुःखाचंच कारण ठरलं असतं. पोस्टमधल्या ‘शरीराला अपाय’ला याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही. आजी कीर्तनाहून घरी आली की छान जेवायची.

होम्सचा पुरावा

पोस्टमध्ये लिहिलंय की होम्स मेला तेव्हा अख्ख्या लंडनने दंडाला काळ्या फिती बांधल्या, म्हणजे सामूहिक वेड. काळ्या फितींची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते खरी, पण तिला त्या काळचा भक्कम पुरावा कुणी दाखवलेला नाही. खरं आहे ते एवढं: डिसेंबर 1893 च्या ‘स्ट्रँड’ मासिकात आर्थर कॉनन डॉयलने होम्सला रायकेनबाखच्या धबधब्यात ढकललं, वाचक चिडले, आणि एका बाईंनी लेखकाला पाठवलेल्या पत्राची सुरुवातच ‘अरे राक्षसा’ अशा अर्थाची होती. हे डॉयलने स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय.

आता गंमत बघा. पत्र कुणाला गेलं? लेखकाला. होम्सच्या घरी सांत्वनाला कुणी गेलं नाही. कुणी मारलं आणि कुठे तक्रार करायची हे त्या बाईंना पक्कं माहीत होतं. शिवाय त्या कथेच्या पहिल्याच वाक्यात वॉटसन सांगतो की जड मनाने मी हे शेवटचं लिहायला घेतोय. म्हणजे वाचकाला पहिल्या ओळीपासून कल्पना होती आणि तरी तो शेवटच्या पानापर्यंत गेला. आणि 1903 मध्ये होम्सला परत आणावं लागलं. वेड्यांचा हट्ट म्हणून आणलं म्हणता? मग त्यानंतर लिहिलेल्या होम्सकथा मिटक्या मारत वाचणारे आमचे काका कोण?

‘खोट्यांसाठी रडणारे खऱ्यांसाठी कोरडे’

हा मुद्दा वाचून मला खरोखर राग आला, कारण बाकीचे नुसते चुकीचे आहेत, हा दुष्ट आहे. कुणाच्या तरी घरात नुकतंच कुणी गेलेलं असताना हे वाचलं जातं. चार लोकांत ज्याला रडू येत नाही असा माणूस एखादं नाटक बघताना रडला, तर तो कोरडा ठरतो की त्याला शेवटी जागा मिळाली असं म्हणायचं?

काकांना मी कीर्तिमंदिरात घेऊन जाईन. विश्वामित्रीजवळ, सयाजीराव महाराजांनी गायकवाड घराण्यातल्या गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ बांधलेलं. खऱ्या, रक्ताच्या माणसांसाठी. तिथल्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात चार मोठी भित्तिचित्रं काढली. गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध, त्यात अभिमन्यूवध. चारांतली दोन मरणाऱ्या पात्रांची. ‘नटीर पूजा’ हे टागोरांचं नाटक. त्यातली राजनर्तकी श्रीमती बुद्धाच्या पूजेला मनाई असताना नाचातूनच ती पूजा करते आणि त्यापायी मारली जाते.

सयाजीराव महाराजांचे तीन तरुण मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले: फत्तेसिंहराव 1908 मध्ये, शिवाजीराव 1919 मध्ये, जयसिंहराव 1923 मध्ये. त्या दुःखातून हा विषय निवडला गेला असं मी म्हणत नाही. महाराज 1939 च्या फेब्रुवारीत गेले आणि अभिमन्यूचं चित्र शेवटी शेवटी झालं. पण ज्या घराने इतकी पोरं गमावली त्या घराच्या स्मारकात सोळा वर्षांचा अभिमन्यू भिंतीवर आहे, आणि तो तिथे कुणालाही परका वाटत नाही. आपल्या माणसांची आठवण काढायला गेलेल्याने मान वर केली की समोर गोष्टीतला मुलगा. एकाच्या दुःखाने दुसऱ्याचं दुःख संपत असतं तर ही भिंत चुन्याने कोरीच ठेवली असती.

‘शेवट आधी बघा’

हा उपाय मला फार आवडला. कारण माझ्या भाचीने नेमकं तेच केलं होतं. मी तिला विचारलं तर म्हणाली, ‘मावशी, तो जाणार हे तर मला सुरू करायच्या आधीपासून माहीत आहे. इंटरनेटवर सगळं लिहिलेलंच असतं. म्हणून तर मी भाग पळवत नाही. तो नुसता जेवतोय, मित्रांशी भांडतोय, ते पण नीट बघते.’

सान डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 2011 मध्ये दोघा मानसशास्त्रज्ञांनी कथांचा शेवट आधी सांगून वाचकांना त्या वाचायला दिल्या, तर आवड कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. पुढे इतरांच्या प्रयोगांत उलटही निघालं, म्हणून त्यावर फार भार देत नाही. मला पोरीचं ‘भाग पळवत नाही’ पुरेसं आहे. ज्याची मुदत ठाऊक आहे त्याच्या साध्या जेवणाकडेही माणूस लक्ष देऊन बघतो. सोमाची अट ऐकून पुढचं महाभारत ऐकणाऱ्याचंही तेच होतं. शेवट माहीत झाला म्हणून जीव लावायचा थांबवता येतो, हे पोस्ट लिहिणाऱ्याला कुठून कळलं कोण जाणे. आजीला तर जमलं नव्हतं.

हो, एखादं पोर आठवडेच्या आठवडे जेवेना, झोपेना, बाहेर पडेना झालं तर त्याच्याजवळ बसून बोलावं, गरज पडली तर डॉक्टरकडे न्यावं. तिथे दुखणं बहुतेक वेगळंच असतं आणि मालिका नुसती वरवर दिसत असते. त्याला टॅग करून पोस्ट पाठवणं हा त्यावरचा इलाज नव्हे. माझ्या भाचीने त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, हे काकांच्या माहितीसाठी.

पोस्टच्या अगदी तळाशी सकाळी अनशापोटी कोमट पाणी प्यावं असंही लिहिलंय. त्याबद्दल माझी काही हरकत नाही.