गुण नकोत, तास द्या

दहावीच्या निकालाच्या आगेमागे महाराष्ट्रात क्रीडागुण आणि कलागुणांचा वाद ठरल्यासारखा निघतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या वाढीव गुणांवर टक्का वाढलेली मुलं एकीकडे, ‘आमच्या मुलानं नुसता अभ्यास केला, त्याचं काय चुकलं’ म्हणणारे पालक दुसरीकडे. ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा आणि गोविंदांना सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ जाहीर झाला, तेव्हा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं चिडली. त्यांचं चिडणं मला पटलं होतं. पण या सगळ्या भांडणांत एक गोष्ट कुणी विचारत नाही: ही कला, हा खेळ शाळेच्या वेळापत्रकात आहे कुठे, आणि तो शिकवतंय कोण?

इथे टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेकडच्या आमच्या उपनगरात सध्या नेमकी याच प्रश्नावर खडाजंगी चालू आहे. विषय आहे विंटर गार्ड. आमच्या हायस्कूलमध्ये तो आतापर्यंत शाळा सुटल्यावरचा उद्योग होता. आता त्याचा रीतसर अभ्यासक्रम करायचा आहे. माझी मुलगी त्यात असल्यामुळे पालकांच्या गटात मीही बसते.

फुटबॉलच्या मैदानावर मार्चिंग बँडसोबत झेंडे फिरवणारा जो चमू असतो, तो कलर गार्ड. मूळ लष्करी ध्वजपथकांचं. फुटबॉलचा हंगाम सरला की हीच मुलं बँडला मागे ठेवून जिममध्ये येतात, लाकडी जमिनीवर रंगवलेलं अवाढव्य व्हायनल (प्लास्टिकचं जाड कापड) अंथरतात आणि ध्वनिमुद्रित संगीतावर काही मिनिटांचं सादरीकरण बसवतात. तोच विंटर गार्ड. हातात साधारण सहा फुटी दांड्याचा झेंडा, लाकडाची नकली रायफल किंवा सेबर म्हणजे तलवार, आणि पायात नाच. पुण्यात पथकातला ध्वज नाचताना पाहिलेल्यांना थोडा अंदाज येईल. फरक इतकाच की इथला झेंडा हातात टिकत नाही. तो वर उडतो, फिरतो, आणि नेमक्या ठोक्याला दुसऱ्याच मुलीच्या हातात उतरतो. रायफलचंही तेच. (शाळेत ‘रायफल’ हा शब्द ऐकून आमच्या घरी आजी दचकल्या होत्या. त्यांना लाकूड हातात देऊन दाखवावं लागलं.)

या स्पर्धांचं नियमन करणारी विंटर गार्ड इंटरनॅशनल ही संस्था १९७७ ची, पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७८ ची. आता दर एप्रिलमध्ये ओहायोतल्या डेटन शहरात देशभरातून चमू जमतात. शाळांचा गट वेगळा, स्वतंत्र चमूंचा वेगळा, आणि प्रत्येकात ए, ओपन, वर्ल्ड अशा चढत्या पायऱ्या.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे परीक्षणाची पद्धत. एक परीक्षक फक्त झेंडा-रायफल-सेबर बघतो, एक फक्त शरीराची हालचाल, एक रचना, आणि एकूण परिणामाला वजन सर्वांत जास्त. साधन आणि हालचाल बघणारे पुन्हा दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: मुलांना करायला काय दिलंय, आणि दिलेलं त्यांनी किती नीट केलंय. म्हणजे अवघड काही लिहून मुलांकडून ते कसंबसं उरकून घेतलं तर एका रकान्यात मिळालेलं दुसऱ्यात जातं. शिवाय परीक्षक सादरीकरण चालू असताना बोलत असतो, ते बोलणं मुद्रित होतं आणि चमूला मिळतं. सोमवारी सरावाला मुलं घामाघूम होऊन बसतात आणि ते ऐकतात: तिसऱ्या रांगेतला डावा खांदा उशिरा आला, इथे श्वास दिसला नाही. आमच्याकडे महाराष्ट्रात आंतरशालेय स्पर्धांत निकाल लागायचा, ढाल मिळायची किंवा नाही मिळायची. का नाही मिळाली हे आम्हाला कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

शिक्षकांनी अभ्यासक्रमाचा मसुदा करताना हीच परीक्षणपत्रिका पाया म्हणून धरली. ऑगस्ट-सप्टेंबरात मूलभूत फिरकी, हात बदलणं, टेंड्यू-प्लिएसारखे बॅले नाचाचे धडे. मग एका फिरकीची फेक, दोनची, पुढे जमेल तसं. राज्याच्या नृत्याच्या अभ्यासक्रमातही चार धागे आहेत: पायाभूत जाण, सर्जनशील अभिव्यक्ती, इतिहास आणि संस्कृती, आणि समीक्षा. परीक्षकाचं बोलणं ऐकून स्वतःच्या सादरीकरणावर लिहायचं, हा चौथ्या धाग्याचा गृहपाठ. याहून चांगला गृहपाठ मी तरी पाहिलेला नाही. टेक्सासात हायस्कूल पूर्ण करायला ललित कलेचा एक आणि शारीरिक शिक्षणाचा एक क्रेडिट लागतो. मार्चिंग बँडमध्ये असणाऱ्यांना शारीरिक शिक्षणाच्या जागी ते धरता येतं. मग हिवाळ्यातलं हे नृत्य म्हणून ललित कलेत बसवायचं, असा घाट आहे.

इथवर सगळं कौतुकाचं. पण मसुद्याचं जानेवारीनंतरचं पान उघडलं की अभ्यासक्रम गायब होतो आणि स्पर्धांचं कॅलेंडर उरतं. शनिवार, शनिवार, शनिवार, मग एप्रिल. ज्या मुलीची चाचणीत निवड झाली नाही, तिनं फेब्रुवारीत वर्गात काय करायचं? मसुद्यात लिहिलंय, ‘साहाय्य’. म्हणजे व्हायनलची घडी घालायची आणि झेंड्यांना इस्त्री करायची. दुसरी अडचण टेक्सासची खास आहे. १९८४ पासून इथे ‘नो पास, नो प्ले’ चा कायदा आहे: एखाद्या विषयात नापास झालात की काही आठवडे स्पर्धेला बंदी. आता सादरीकरणावरच जर या विषयाचा ग्रेड असेल, तर रसायनशास्त्रात अडकलेल्या मुलाला इथेही शून्य द्यायचं का? एका चुकीची दोन ठिकाणी शिक्षा. यावर बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

आणि पैसा. पोशाख, झेंड्यांचं कापड, व्हायनलची छपाई, संगीताचे हक्क, ट्रक, बाहेरून येणारा नृत्यदिग्दर्शक. शाळा तास देते, खोली देते, एका शिक्षकाचा पगार देते, बाकीचं पालकांच्या खिशातून आणि शुक्रवारी फुटबॉलच्या सामन्याला नाचोज विकून उभं राहतं. क्रेडिट देणाऱ्या विषयाला अशी फी लावणं मला अजिबात मान्य नाही, आणि अमेरिकेतल्या शाळांचं सरसकट गुणगान गाणाऱ्या आपल्या मंडळींनी हा हिशोबही जरा बघावा.

गंमत म्हणजे मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या मराठी आया मला विचारतात, ‘कॉलेज ॲडमिशनला उपयोग होतो का गं याचा?’ समुद्र ओलांडला, वाढीव गुण काही सुटले नाहीत.

पुण्यात मात्र याला एक चोख उत्तर होतं. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, विमलाबाई गरवारे यांची ढोल-ताशा पथकं शाळांतून उभी राहिली. गणपतीच्या कितीतरी आधी सराव सुरू, ताशाचा हात बसेपर्यंत दटावणी, आणि शिकवायला माजी विद्यार्थी. गुण शून्य. तरी पोरं येत, कारण शिकवणारा माणूस तिथे रोज उभा असे. ऑगस्ट २०२४ मध्ये हरित लवादानं पथकात तीसच वादक असावेत असं म्हटलं, सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि मधल्या काळात सगळं पुणं डेसिबलवर भांडलं. आवाजाचा त्रास खरा आहे, दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला विचारा. पण ही पथकं शाळांतून निघाली आणि शाळांना त्यांच्यासाठी आठवड्यातला एक तास ठेवावासा वाटला नाही, यावर कुणी भांडल्याचं दिसलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यात भिंत नको असं छापलेलं आहे. भिंत कागदावर पडली, पण पोर्शन राहिला की पी.टी.चा तास गणिताचे सर मागून घेतात ते घेतातच. वाढीव गुण ही त्या हिरावलेल्या तासाची भरपाई आहे, आणि ती मिळते मुख्यतः त्याच मुलांना ज्यांच्या आईबापांनी बाहेर क्लास लावले. म्हणून गुण वाढवा की काढा या भांडणात मला रस उरलेला नाही.

इथल्या बैठकीत मी लेखी सूचना दिली आहे: वर्ग सगळ्यांना खुला, निवडचाचणीशिवाय, वर्षभराचा, परीक्षकाच्या ध्वनिमुद्रणासकट, आणि विनाशुल्क. स्पर्धेचा चमू वेगळा, शाळा सुटल्यावर, त्याचा ग्रेडशी संबंध नाही. मार्गदर्शक शिक्षिकेनं ती वाचली आणि सरळ सांगितलं की चमूला दिवसाचा तास मिळाला नाही तर ए गटातून वर जायचं विसरा. तिचं म्हणणं खोटं नाही. बँडचा हंगाम संपल्यावर नोव्हेंबरात मतदान आहे, आणि ज्या पालकांची मुलं चमूत आहेत त्यांचीच संख्या खोलीत जास्त असते. माझीही त्यांतलीच एक.