दहा आकडे मनातल्या मनात

नातू दोन वर्षांचा झाला तरी बोटावर राज्य करत होता. हवं त्या वस्तूकडे बोट दाखवायचं आणि ती हातात पडेपर्यंत 'अं... अं...' करायचं. "आपल्याकडे मुलगे उशिराच बोलतात," हे आमच्या हिचं मत. शेजारच्या काकूंनी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं. सूनबाईनं दोघींचंही ऐकून घेतलं आणि त्याला थेट स्पीच थेरपिस्टकडे नेलं. आधी कानांची तपासणी झाली. ऐकू चोख येत होतं. या वयात पन्नासेक शब्द हवेत, 'दूध दे' अशी जोडणीही हवी, असं मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी औषध लिहून दिलं: खेळा. डोस मला, कारण घरात रिकामा मीच.

पथ्य कडक होतं. मोबाइल बंद. 'हे काय? ते काय?' ही परीक्षा बंद. तो जे करतोय त्याचं फक्त वर्णन करायचं. तो एक शब्द बोलला, की त्याला आपण आणखी एक जोडून परत करायचा. उच्चार चुकला तरी टोकायचं नाही, आपण नीट म्हणून दाखवायचं.

वर्णनाला मी थोडाच घाबरतोय? एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. 'सिन्नर, संगमनेरमार्गे पुण्याला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे' हे म्हणण्यात हयात गेली. बसलो फतकल मारून. "लाल गाडी निघाली. गाडी सोफ्याखाली गेली. अरेरे, गाडी अडकली!" आतून ही ओरडली, "अहो, हळू! अख्ख्या सोसायटीला पुण्याला जायचं नाहीये."

घोडं अडलं पुढच्या नियमावर. बोलून झालं की थांबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं आणि त्याच्याकडे बघत राहायचं. चौकशीच्या खिडकीत बसून मी प्रवाशाचा प्रश्न कधी पुरा होऊ दिला नाही. इथे तर समोरून प्रश्नही येत नव्हता. त्यातून आमच्या घरात आकडा चारच्या पुढे जाईना. त्यानं माठाकडे बोट केलं, मी एक, दोन, तीन म्हणतोय तोवर ही पेला घेऊन हजर. "पाणी हवं ना माझ्या राजाला?" सगळं न मागता मिळत असेल तर पोरगं कशाला तोंड उघडेल? हे मी हिला सांगितलं. मग दहापर्यंत मोजायची पाळी तिची होती, पण तीही चारलाच फुटली.

म्हणून बुधवारी त्याला घेऊन गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदाकाठच्या बाजारात गेलो. तिथे ही नव्हती. एका हातात पेरू, एका हातात केळं धरलं. "पेरू की केळं?" आणि थांबलो. एक... दोन... मागे गिऱ्हाईक साचलं. पाच... सहा... भाजीवाल्या मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी पलीकडच्या गाळ्यावरच्या बाईला म्हणाल्या, "बाबांची वाचा गेली वाटतं. पोरालाच विचार गं." आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या, "धाला जुडी, धाला जुडी, धाऽऽला!"

तेवढ्यात कडेवरून आवाज आला, "दाऽऽला!"

मावशी हसल्या, पुन्हा ओरडल्या, थांबल्या. हा पुन्हा "दाऽऽला!" एकच शब्द, सुरात, पुन्हा पुन्हा आणि मध्ये जागा सोडून. मॅडम मला जे शिकवत होत्या ते मावशींना फी न घेता येत होतं. मेथीच्या तीन जुड्या घेऊनच तिथून हलता आलं.

तेव्हापासून घरात बाजार भरतो. चपला, वाट्या, माझा चष्मा, सगळं 'दाला'. चष्मा परत हवा असेल तर मी 'दे' म्हणायचं. न म्हटल्यास तो थांबतो, दहापेक्षा कितीतरी जास्त. एकदा खोक्याची बस दारातून आत ढकलत 'दादी आली' म्हणाला. मी टोकलं नाही, "हो, गाडी आली. लाल गाडी आली," म्हणालो, तरी ही दोन दिवस तो आपल्यालाच हाक मारत होता असं धरून चालली.

मॅडमनी शब्दांची यादी मागितली, ती सूनबाईनं वहीत उतरवली: दे, दाला, आजी, पाणी, दादी. 'आजोबा' नाही. मला तो 'पों पों' म्हणतो. एकाच माणसासाठी दरवेळी तोच आवाज आला तर तोही शब्दच धरायचा, असं मॅडमनी सांगितलं आणि सूनबाईनं तो यादीत लिहिला.

"जन्मभर एसटीत काढलीत," ही म्हणाली, "बरोबरच ओळखलंय त्यानं."