जॉब गरम असताना घेतलेलं माप

आयटीआय करून भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हा माझ्या लॉकरच्या दाराला आतून लक्ष्मणराव किर्लोस्करांचा फोटो चिकटवलेला होता. लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकरी म्हणत होते, त्या काळात या माणसाने लोखंडी नांगर बनवले आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. रोज सकाळी तो फोटो बघून मी कामाला लागायचो. अगदी मनापासून. तरीही माझे जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले लोखंडी भाग, रिजेक्ट होत होते.

२५ मिलिमीटर जाडीचा शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, त्यावर बेअरिंग बसायची जागा. लेथवर, म्हणजे जॉब फिरवून कापणाऱ्या मशीनवर, शेवटचा कट मारला की मी लगेच मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावायचो. माप बरोब्बर यायचं. तोच जॉब तपासणीच्या टेबलावर गेला की वीस मायक्रॉनने, म्हणजे ०.०२ मिलिमीटरने, कमी भरायचा. जास्त असता तर अजून घासता आला असता, पण कमी झालेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. तो जॉब सरळ भंगारात. "लक्ष दे रे" असं सगळे सांगायचे. लक्ष तर मी देतच होतो.

शेजारच्या मशीनवर एक काका होते. दोन-तीन दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. मग एकदा मी मायक्रोमीटर उचलल्यावर ते आले आणि म्हणाले, "आधी हात लाव जॉबला." लावला, तर चटका बसला.

"गरम लोखंड फुगलेलं असतं. आत्ता तू जे माप घेतोयस, ते निवल्यावर राहणार आहे का?"

एवढंच. नंतर माझ्या हातातला मायक्रोमीटर घेऊन त्यांनी दाखवलं की मी तो स्क्रूसारखा आवळतोय. त्याच्या टोकाची छोटी मूठ, रॅचेट, फिरवायची, टिकटिक ऐकायची आणि थांबायचं. त्या आठवड्यानंतर त्या मापात माझा एकही शाफ्ट परत आला नाही.

आदर्श आणि गुरू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. आदर्श तुम्हाला घराबाहेर काढतो. पण तुम्ही नेमके कुठे चुकताय हे त्याला दिसत नाही, कारण तो तुमच्या शेजारी उभा नसतो.

पंडित भीमसेन जोशींचंच बघा. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे या ध्यासाने १९३३ साली, अकराव्या वर्षी, हा मुलगा गदगहून घर सोडून निघाला. ग्वाल्हेर झालं, पार जालंधर झालं. तिथे विनायकबुवा पटवर्धन भेटले आणि त्यांनी सांगितलं, इतक्या लांब कशाला भटकतोस, सवाई गंधर्व तुझ्या गावाजवळच आहेत. सवाई गंधर्व म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य, हुबळीजवळ कुंदगोळला राहणारे. मग तिथे पाणी भरणं, पडेल ते काम करणं आणि तालीम. सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पूरिया, हेच पुन्हा पुन्हा. तोडी आणि मुलतानी हे राग एकाच थाटातले, म्हणजे एकाच स्वरसमूहातले, सूर तेच, पण ते कुठून लावायचे आणि कुठे थांबायचं हे वेगळं. हा फरक रेकॉर्ड लाख वेळा ऐकून कानाला कळेल, गळ्यात मात्र उतरणार नाही. त्यासाठी "हे नाही, परत म्हण" असं सांगणारं माणूस समोर बसलेलं लागतं. गुरू गेल्यावर १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाने महोत्सव सुरू केला तो याच शिष्याने.

आपल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेलाही धोनी आवडतो, त्याचा शांतपणा आवडतो. दोघांनीही रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी केलेली. पण पॅरिसला २०२४ मध्ये रायफलचं कांस्यपदक मिळालं त्यामागे दीपाली देशपांडे यांच्यासारख्या प्रशिक्षकाचे कष्ट आहेत.

आज मोबाइल उघडला की पन्नास मेंटॉर दिसतात. त्यातले काही खरंच चांगलं सांगतात, मीही ऐकतो. पण एकाच वेळी हजारो लोकांशी बोलणाऱ्याला तुमचा जॉब गरम आहे हे कसं कळणार? तरुण मुलांना मी कळकळीने सांगतो, तुमच्याच कामातलं, तुमच्याहून दहा पावलं पुढे असलेलं एक माणूस शोधा. ते नामांकित असायची गरज नाही. आणि त्याला तुमचं बिघडलेलं काम दाखवा. हे फार अवघड जातं. आपण चांगलं झालेलं तेवढं दाखवतो, बिघडलेलं लपवतो आणि मग कौतुक घेऊन घरी येतो. मीही रिजेक्ट शाफ्ट फडक्याखाली झाकून ठेवायचो. काकांनी ते फडकं स्वतः उचललं म्हणून माझं भागलं. सगळ्यांच्या नशिबी असं उचलणारं कुणी नसतं.

आणखी एक. अशा माणसाचं सगळंच उचलायचं नसतं. काका तंबाखू खायचे, सुरक्षेचा चष्मा न लावता ग्राइंडरवर उभे राहायचे. त्यांची मापाची शिस्त मी घेतली, बाकीचं नाही घेतलं. यात त्यांचा अनादर झाला असं मला कधीच वाटलं नाही.

काका आता निवृत्त होऊन गावी असतात. यंदा गुरुपौर्णिमेला भेटायला गेलो. पाया पडलो, चहा झाला. तब्येतीची चौकशी करायच्या आधी त्यांनीच विचारलं, "नवीन पोरं आलीत का? गरम जॉबचं सांगितलंस ना त्यांना?"

दोघांना सांगितलं होतं. तिसरा गेल्याच महिन्यात लागलाय, त्याला सांगायचं राहून गेलं होतं. सोमवारी पंच करून आधी त्याच्या मशीनवर गेलो.