साहेब निघालेत

परवा नागपूरचं अधिवेशन संपलं, त्या संध्याकाळी मुंबईच्या विमानात बसलो. बसलो म्हणजे नुसताच बसलो. एरोब्रिज लागलेला, दार उघडं, सीटा भरलेल्या, एक १डी तेवढी रिकामी. सुटायची वेळ टळली, पाण्याचे पेले फिरले आणि पुढून आवाज आला, "साहेब निघालेत." पुढचं महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

आवाज साहेबांच्या पीएचा. गृहस्थ १ईवर बसलेले, मांडीवर फायलींचा गठ्ठा, दोन कानांना दोन फोन. डोक्यावरचं सामानाचं कपाट संत्रा बर्फीच्या खोक्यांनी भरलेलं, त्यामुळे दुसऱ्या रांगेतल्यांच्या बॅगा बाराव्या रांगेपर्यंत निर्वासित झालेल्या. आणि १डीवर, म्हणजे ज्या सीटवर छापील बोर्डिंग पासाशिवाय कुणाचं काही चालत नाही तिथे, त्यांनी जागा धरायला पांढरा रुमाल टाकला होता.

"रुमाल टाकला होय?" मागच्या रांगेतून प्रश्न आला. "मी त समजत होतो, हे आमच्या एसटीतच चालते."

हे काका आर्वी डेपोतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. मुलानं ठाण्याहून तिकीट पाठवलं होतं. ज्या माणसानं उभी हयात स्टँडवर शिट्टी आणि वेळापत्रक यांच्या जोरावर काढली, त्याला खोळंबलेल्या गाडीत गप्प बसवणं कुठल्याही पीएच्या ताकदीबाहेरचं असतं.

"कुठवर आले म्हणता साहेब?"

"छत्रपती चौक ओलांडला काका. पाच मिनिटं."

काकांनी घड्याळ पाहिलं. पाच झाली, दहा झाली. पीएचा डावा फोन वाजला. "हो... हो साहेब... अजनी चौक? बरं बरं, सांगतो मी इथे." मग हवाईसुंदरीकडे वळून, "मॅडम, अजनी चौक. बस, आलेच."

"काऊन हो भाऊ," काका पुढे झुकले. "तुम्ही त मघा छत्रपती चौक म्हणले. अजनी त त्याच्या आधी लागते ना?"

"अधिवेशनामुळे ट्रॅफिक वळवलंय."

"वळवलं त माणूस उलटा जाते काय? आमचा डायवर असा गेला असता त त्याले मेमो भेटला असता."

आजूबाजूचे हसले. पीए हसला नाही. त्याला उजवा फोन आला होता. तो दबक्या आवाजात "अजून रविभवनलाच?" म्हणाला आणि ते नेमकं चौथ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"म्हंजे घरीच आहेत," काकांनी सगळ्यांच्या वतीनं जाहीर केलं.

"काका, साहेबांना राज्य चालवायचं असतं."

"चालवा ना, आमचं काय म्हणणं आहे? इमान कधी चालवता तेवढं सांगा."

पीएचा स्वर चढला. साहेब आहेत म्हणून आर्वीचे रस्ते झाले, वगैरे. (साहेब आर्वीचे नव्हते, हे काकांनी लगेच दाखवून दिलं.) मग पीए म्हणाला, एसटीतसुद्धा आमदारांसाठी राखीव सीट असतेच की. आता हा मुद्दा काकांच्या घरच्या मैदानावरचा. "असते ना. खिडकीवर लिहिलेलं असते. पण आमदार येईपर्यंत गाडी उभी ठेवा, असं कुठं लिहिलं आहे? मी इतक्या वर्षांत त्या सीटवर कोंबडी घेऊन बसलेली बाई पाह्यली, आमदार नाही पाह्यला."

आता थोडं कामाचं. दार उघडं ठेवून विमान उभं राहतं तेव्हा नेमकं काय होतं?

देशांतर्गत विमानांचे चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात, बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. तुम्ही-आम्ही २४व्या मिनिटाला धापा टाकत पोचलो, तर काचेपलीकडे विमान दिसत असतं आणि अलीकडची मुलगी अत्यंत गोड आवाजात "सर, गेट इज क्लोज्ड" म्हणते. त्यात तिची चूक नाही. शेवटचा प्रवासी मोजला की लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब, पक्की होते, कॅप्टनची सही होते, दार लागतं, मग पुशबॅकची, म्हणजे विमान मागे ढकलायची, परवानगी मागतात. नंतर कुणाला आत घ्यायचं तर कागद बदला, पुन्हा रांगेत उभे राहा. चेक-इन केलेला माणूस आलाच नाही तर विमानाच्या पोटातली त्याची बॅग शोधून उतरवावी लागते आणि त्यात वीसेक मिनिटं सहज जातात. म्हणून कधीकधी पाच मिनिटं वाट पाहणं परवडतं, हेही खरं. पण इथे साहेबांच्या बॅगा पीएच्या नावावर होत्या आणि पीए १ईवर बसून अजनी चौक सांगत होता. साहेबांना सोडून निघायला एक रुमाल सोडला तर काहीही उतरवावं लागणार नव्हतं.

मग थांबले का? हक्कभंगाला भिऊन. सभागृहाच्या कामात अडथळा आणला तर हक्कभंग. विमान वेळेवर सोडलं तर तो होत नाही. पण गेटवरच्या पंचविशीतल्या मुलीनं तो वाद रात्री आठ वाजता कुणाशी घालायचा? तिचा मॅनेजर फोनवर "बघ, जमवून घे" म्हणतो आणि फोन ठेवतो. लेखी हुकूम कुणीच देत नाही.

लेखी काय असतं ते वेगळं. खासदाराला कायद्यानं वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवास मिळतात. विमानतळावर स्वतंत्र लाउंज, तिथे चहा-कॉफी फुकट, मदतीला माणूस. ठीक आहे, प्या चहा. झडतीतून सूट असलेल्यांची वेगळी यादी आहे: राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री असे लोक. २०१५पर्यंत तिच्यात सोनिया गांधींचे जावई रॉबर्ट वाड्रा यांचं नाव थेट छापलेलं होतं. जावयाचा मान विमानतळावरसुद्धा सुटला नव्हता. पण आमदार-खासदार, राज्यातले साधे मंत्री त्या यादीत नाहीत. त्यांनी हात वर करून उभं राहायचं असतं. तरी "ओळखलं नाही का?" हे वाक्य कुठल्याही तपासणी नाक्यावर ऐकू येतं ते याच मंडळींकडून. ज्यांची नावं यादीत आहेत त्यांना ते म्हणावं लागत नाही.

ओळखलं नाही म्हणून काय होतं, त्याचे दाखले आहेत. मार्च २०१७मध्ये उस्मानाबादचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला गेले. तिकीट बिझनेस क्लासचं, विमानात बिझनेस क्लासच नाही. दिल्लीत उतरायला नकार, वादावादी, आणि कर्मचाऱ्याला चपलेनं मारहाण. पंचवीस वेळा मारलं, असं त्यांनी स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितलं. विमान कंपन्यांनी बंदी घातली, ती पंधरवडाभर टिकली. जूनमध्ये विशाखापट्टणमला खासदार दिवाकर रेड्डी उशिरा पोचले, काउंटर बंद झालेला, तर त्यांनी तिथला प्रिंटरच ढकलून दिला. त्याच सप्टेंबरमध्ये नियम आला. तोंडाळपणाला तीन महिन्यांपर्यंत बंदी, मारहाणीला सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणाऱ्या वर्तनाला किमान दोन वर्षं. चप्पल दुसऱ्या पातळीत येते. दीडशेच्या वर माणसं पाऊण तास कोंडून ठेवणं कुठल्याच पातळीत येत नाही, कारण ते विनम्रपणे, फोनवरून आणि दुसऱ्याच्या तोंडून केलं जातं.

एका प्रकरणाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्रीय मंत्री शिवराजसिंह चौहान यांना भोपाळ-दिल्ली विमानात ८सी ही मोडकी, खचलेली सीट मिळाली. त्यांनी जाहीरपणे लिहिलं, कंपनीनं लगेच माफी मागितली. मोडक्या सीटवर आपली पाठ वर्षानुवर्षं शेकून निघते, तेव्हा एक छापील ईमेल येतो. माझी तर सूचना आहे की प्रत्येक मंत्र्याला आळीपाळीनं शेवटच्या रांगेत, संडासाला लागून, मागे न कलणाऱ्या सीटवर बसवावं. वर्षभरात सगळा ताफा दुरुस्त होईल.

असो. साहेब आले. उशीर पन्नास मिनिटांचा. दोन तास भरले असते तर नियमानं फराळ तरी मिळाला असता. प्रचारफेरीत करतात तसा त्यांनी सगळ्या रांगांना हात जोडून नमस्कार केला. दोघांतिघांनी परत केलासुद्धा, सवय असते. पीएनं रुमाल उचलला. साहेब टेकले, पट्टा लावला आणि हवाईसुंदरीला मनापासून विचारलं, "का हो, अजून सुटलं नाही? तुमच्या कंपनीचं काही खरं नाही."

त्यांना खरंच माहीत नव्हतं, अशी मला शंका आहे. त्यांना कुणी सांगतच नाही. त्यांच्यासाठी विमानं नेहमी ते बसल्यावरच सुटतात.

घोषणा झाली ती "ऑपरेशनल कारणांमुळे". पण विमान कंपन्या आपसात उशिराची कारणं अशी मोघम लिहीत नाहीत. जगभर त्याचे ठरलेले दोन आकडी कोड आहेत. बोर्डिंग पास घेऊन दुकानांत हरवलेला प्रवासी म्हणजे १५. व्हीआयपी म्हणजे १६. आणि या १६मध्ये व्हीआयपींच्या सोबतीला काय काय आहे? पत्रकार, जमिनीवर दिलेलं जेवण आणि प्रवाशांच्या हरवलेल्या वस्तू. म्हणजे साहेब आणि कुणाचा तरी सीटखाली घरंगळलेला चष्मा, दोघं एकाच रकान्यात. यादी करणाऱ्यांना समाजशास्त्र कळत होतं.

मुंबईला अर्थातच आमची पाळी हुकलेली होती. दोन धावपट्ट्या, पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि दिलेली वेळ चुकवणाऱ्यानं वर घिरट्या घालायच्या. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा सरळ, पुन्हा वळण: चार मिनिटांची एक प्रदक्षिणा, आणि तिला दीडशे किलोच्या आसपास इंधन. खरी गंमत त्याच्या पुढे आहे. तेच विमान मुंबईहून पुढच्या गावाला उशिरा निघतं, तेव्हा कारण लिहितात कोड ९३, म्हणजे मागचं विमान उशिरा आलं. तिथून परतताना पुन्हा ९३. मध्यरात्री कुठल्या तरी विमानतळावर पोरं मांडीवर झोपवून बसलेल्या लोकांच्या नोंदीत साहेबांचं नावनिशाण राहत नाही. १६ एकदाच लागतो. बाकीची रात्र सगळी ९३ची.

उतरल्यावर साहेबांसाठी माणूस उभा होता, ते पुढच्या पुढे गेले. पीए मात्र आमच्याबरोबर सामानाच्या पट्ट्यापाशी. बॅगा त्याच्या नावावर ना! गाडी साहेबांना घेऊन निघून गेली होती आणि आता एवढ्या बॅगा नि बर्फी घेऊन टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं, हे त्याला दोन्ही फोनवरून एकाच वेळी कळत होतं. काकांनी आपली पिशवी उचलली आणि त्याच्याजवळ गेले.

"भाऊ, एक विचारतो, राग नका मानू. आमच्याकडे गाडी लेट सुटली की रजिस्टरात कारण लिहा लागे. रकाना रिकामा ठेवला त साहेब झापे. आजच्यात तुम्ही असते त काय लिहिलं असतं?"

पीएनं पट्ट्यावरून नजर न हलवता सांगितलं, "टेक्निकल लिहा काका."