नकाशावर ‘थांबलेलं’ जहाज रिकामं बसलेलं नसतं

जहाजं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या ऑनलाइन नकाशावरचा तुमचा लेख आवडला, पण कोकणात जयगड-धरमतर बंदरांमध्ये फेऱ्या करणारं ते छोटं मालवाहू जहाज तासन्‌तास एकाच जागी दिसतं, म्हणजे त्याला काम नाही, हा निष्कर्ष पटला नाही.

जयगडला खोल पाणी आहे, तिथे मोठ्या जहाजांतून कोळसा-लोहखनिज उतरतं. तेच छोट्या जहाजांत भरून अंबा नदीकाठच्या धरमतरला जातं. खाडी उथळ. भरलेलं जहाज भरतीचं पाणी चढल्याशिवाय आत घेता येत नाही, म्हणून ते बाहेर नांगर टाकून थांबतं. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे आत शिरायची वेळ रोज सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त, अष्टमीच्या भांगेला, म्हणजे लहान भरतीला, कमी. आणि एआयएसवर (जहाजाची जागा आणि माहिती रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्रणेवर) दिसणारा जहाजाचा डुबाव, म्हणजे ते पाण्यात किती खोल गेलंय तो आकडा, खलाशांनी हाताने भरलेला असतो. त्यावरून माल आहे की नाही, ते ठरवू नका.

माझा भाचा नाशिकरोडचा, अशाच जहाजावर आहे. नांगरावर असतानाही रात्रपाळी असतेच. साखळीवर हात ठेवून बघतात. ती थरथरली की नांगर घसरतोय.

पावसाळ्यात तर जीव टांगणीला लागतो. जून २०२१ मध्ये रेवदंड्याजवळ ‘मंगलम’ हे मालवाहू जहाज बुडू लागलं, तेव्हा तटरक्षक दलाने १६ जणांना वाचवलं. पुढच्या लेखात या खलाशांच्या पाळ्या, पगार आणि विम्यावर जरूर लिहा.